ताटातली भाकरी

फराळाचे ताट पुढे आले, की मला हटकून १९२८ सालचे गिरणगाव आठवते, पुस्तकांतूनच पाहिलेले. एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही सक्ती नको म्हणून मुंबईचे सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर राहिले. अर्जुन आळवे स्वतः गिरणीत राबणारे. कम्युनिस्टांच्या बरोबरीने ते गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष झाले, मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पकडले गेले. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये! तुरुंग त्यांनी स्वतः पत्करला. तिथे मी नतमस्तक आहे. पण संपात अर्धपोटी निजलेल्या पोरांनी कुठे हात वर केला होता? तिसरा माग आला असता, तर शेजाऱ्याची रोजी गेली असती, हे खरेच. आणि शेजाऱ्यालाही पोरे होतीच. तरीही पोराच्या ताटातली भाकरी उचलताना माझा हात अडखळला असता.