मर्यादेचा धनी कोण?

यंत्रातून अधिक शक्ती काढू पाहण्यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे वाचकांस सकृद्दर्शनी वाटेल. ज्याचे यंत्र, त्याची मर्जी. परंतु साखळीच्या करवतीचे, म्हणजेच चेनसॉचे, उदाहरण घेतले तर प्रश्न तितका सोपा राहत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा या यंत्राचा आवाज आपल्या कोकणात गावोगावी घुमला. मात्र त्याची शक्ती वाढवण्याचा छंद बहरला तो अमेरिका-कॅनडाकडे, जेथे अजस्र वृक्ष तोडणे हा पिढ्यानपिढ्यांचा धंदा आहे.

या करवतीचे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वंगणाची निराळी सोय नाही. पेट्रोलमध्ये बहुधा पन्नासास एक या प्रमाणात मिसळलेले तेलच पिस्टनला वंगण पुरवते. कारखान्यातून ते बाहेर पडते तेव्हा त्याच्या वाटेत काही अडसर मुद्दाम ठेवलेले असतात. सायलेन्सरचे तोंड अरुंद असते, त्यात ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू फार फिरू नयेत म्हणून त्यांवर टोपणे बसवलेली असतात. हौशी कारागीर सायलेन्सरचे तोंड मोठे करतो. जळलेला वायू सहज बाहेर पडतो, नवे मिश्रण अधिक आत येते, शक्ती वाढते. पण हवा वाढली की इंधनही वाढवावे लागते. एरवी मिश्रण विरळ पडते. आणि विपरीत असे, की विरळ मिश्रणावर इंजिन काही काळ अधिकच चपळ वाटते! वेग चढतो, आवाज टिपेला जातो, धनी खूश होतो. इंधन कमी म्हणजे वंगणही कमी, हे त्याला पिस्टनवर ओरखडे उमटून इंजिन जाम झाल्यावर कळते.

म्हणून जाणता कारागीर पूर्ण वेगात, करवत रिकामी असताना, कान देऊन ऐकतो. आवाज किंचित घोगरा, अडखळता हवा. दात लाकडात रुतताच तो स्वच्छ व्हावा. (काही यंत्रांत वेग रोखणारी विजेची योजना असते, तिचाही आवाज असाच अडखळतो, त्यामुळे तयार कानही फसतो.) हाती आलेला वेग तो थोडा सोडून देतो आणि इंधन थोडे जास्तच ठेवतो. उंच डोंगरावर हवा विरळ असल्याने तोच स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो. सद्गुण हा मध्य खरा, पण तो गणिती मध्य नव्हे, असे ॲरिस्टॉटलने म्हटले. त्याचे इतके चपखल उदाहरण आम्हांस तत्त्वज्ञानाच्या वर्गात कधी मिळाले नव्हते. तेव्हा या कारागिरीला सरसकट हाव म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात संयम आहे, विद्या आहे.

प्रश्न वेगळाच आहे. काढून टाकलेला अडसर कोणासाठी होता? इंजिनाचे आयुष्य राखणारी मर्यादा धन्याची स्वतःची; ती त्याने मोडली तर नुकसान त्याच्या खिशाचे. पण ठिणग्यांची जाळी इंजिनासाठी नव्हतीच, ती रानासाठी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत ती सक्तीची आहे, कारण वाळल्या गवतात पडलेली एक ठिणगी कोणाचे घर जाळील हे ठरवणे कोणाच्या हाती नसते. स्क्रूवरची टोपणे धुराच्या नियमांमुळे आली. तेथील शासनाने लहान इंजिनांच्या धुराला १९९७ पासून बंधन घातले, ते तोच वारा श्वासात घेणाऱ्या इतरांसाठी. आवाजाचेही तसेच. मुळातच शंभर डेसिबलांहून कर्कश असलेल्या यंत्राचे तोंड मोठे करणारा स्वतःच्या कानांवर आच्छादन घालील. शेजाऱ्याने काय घालावे? वस्तू आपली, म्हणून तिच्यावर ठेवलेली दुसऱ्याची ठेवही आपली होत नाही.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती मजुराची. साखळी सेकंदाला वीस मीटरहून अधिक वेगाने धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की पाते उसळून थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो. तो दातापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटरच खाली असतो आणि दाताने किती खोल चावावे हे ठरवतो. एक रुपया न खर्चता शक्ती वाढवण्याचा मार्ग म्हणजे हा खुंट कानशीने अधिक घासणे. करवत अधाशासारखी खाते, हात अधिक थरथरतात, उसळीही वाढते. हे धन्याने जाणून केले आणि स्वतः वापरले, तर ती त्याची जोखीम. पण रोजावर आलेल्या माणसाच्या हाती तीच करवत दिली, तर त्याने होकार कधी दिला? कित्येकदा तर खरी उणीव शक्तीची नसून धारेची असते. साखळी नीट धार लावून घेतली तर इंजिनाला हात लावण्याची गरजच उरत नाही. पण धार लावणे कंटाळवाणे, त्यात मिरवण्यासारखे काही नाही.

उलट, १९८५ पासून भरणाऱ्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धांत ‘हॉट सॉ’ नावाची एक शर्यत असते. आमूलाग्र बदललेल्या इंजिनांच्या करवतींनी ओंडक्याच्या तीन चकत्या काही सेकंदांत उतरवतात. तेथे करवत धरणारा ती काय चीज आहे हे जाणतो, प्रेक्षक दूर असतात, रान जवळ नसते. आम्हांस त्यात दोष दिसत नाही.

दोष दिसतो तो याच्या बराच पुढे, जुन्या यंत्रांच्या व्यवहारात. फेरफार केलेली करवत विकली जाते. बाहेरून ती कारखान्याचीच दिसते. नवा धनी पुस्तिकेप्रमाणे वागतो, परंतु पुस्तिका आता या यंत्राची राहिलेली नाही. जाळी काढली आहे, खुंट घासले आहेत, स्क्रू अमुक इतका फिरवला आहे, एवढे तरी विकणाऱ्याने एका कागदावर लिहून सोबत द्यावे. किंमत थोडी उतरेल. उतरू द्यावी.