रस्त्याचे पैसे आणि घरातली वाटणी



लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक मनुष्य प्रभू येशूला मध्येच थांबवतो. प्रभू शिष्यांना मोठ्या गोष्टी सांगत आहे, भिऊ नका म्हणून धीर देत आहे, आणि या माणसाचे चित्त आहे वडिलार्जित मालमत्तेवर. भाऊ वाटा देत नाही, गुरुजी, तुम्ही त्याला चार शब्द सांगा, अशी त्याची विनंती. प्रभू पंच होण्याचे साफ नाकारतो. मात्र लोभाला जपा असा इशारा देऊन तो त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो, ज्याला जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची होती आणि ज्याचा प्राण त्याच रात्री मागितला गेला. दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. तो कशावरून निघाला हे मात्र आपण विसरतो. तो निघाला भावाभावांच्या वाटणीच्या भांडणावरून.

हा उतारा आज घेण्याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे. रविवारी मिस्सानंतर आवारात जे घोळके उभे राहतात त्यांत पूर्वी पाऊस, कांद्याचा भाव आणि मुलांच्या परीक्षा एवढेच विषय असत. आता रस्ता हा एकच विषय आहे. पुणे ते शिरूर सुमारे ५३ किलोमीटरचा सहापदरी उन्नत मार्ग करण्याचे शासनाने ठरवले आहे. सोलापूर रस्त्यावर हडपसर ते यवत अशाच मार्गाला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्याचीही तयारी आहे. त्याआधी, २०१५ मध्ये, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि शिरूर व दौंड तालुक्यांतला काही भाग त्यात गेला. ज्या गावात रात्री आठनंतर एसटी येत नाही ते गाव कागदावर महानगर झाले! प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. या चार वर्षांत कितीतरी लोकांनी आपल्या गटावर कोणता रंग पडला आहे हे पाहून विहीर खणायची की नाही, मुलीचे लग्न काढायचे की नाही हे ठरवले. नकाशा रद्द झाला, पण ते निर्णय परत फिरवता येत नाहीत.

घोळक्यांत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष माझ्याकडे पाहतात. फादर, तुम्हीच सांगा. ज्या तरुणाला पाळी संपवून सणसवाडीहून किंवा रांजणगावहून दुचाकीवर घरी यायचे असते, कंटेनरच्या दोन रांगांमधून, त्याला रस्ता हवा आहे. ज्याच्या वडिलांना छातीत कळ आली आणि रुग्णवाहिका वाघोलीच्या गर्दीत अडकली, त्याला तर तो कालच हवा होता. त्यांना विकासाचे वेडे म्हणणे अन्यायाचे आहे. दौंडच्या आपल्या बांधवांनी तर हे विसरूच नये. आज दिसते ते दौंड रेल्वेने घडवले. १८५८ मध्ये पुण्याकडून रूळ दौंडवरून पुढे डिकसळपर्यंत गेले, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला, आणि रेल्वेच्या नोकरीबरोबर गोव्याची, मद्रासची, कुठकुठली कॅथलिक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्याच रुळाच्या काठी, केडगावला, पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांनी आसरा दिला, मुक्ती मिशन उभे केले, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, आणि १९२२ मध्ये तेथेच देह ठेवला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण वाहतुकीच्या वाटेचा ख्रिस्ती उपयोग म्हणजे काय हे आपल्या तालुक्यात त्यांच्याइतके कोणी दाखवले नाही. रूळ जवळ आल्यावर त्यांनी प्लॉट पाडले नाहीत. दार उघडले.

दुसरा पक्ष पाण्याची गोष्ट काढतो. खडकवासल्याचा कालवा हवेली-दौंडच्या शेतीसाठी वाहतो, आणि पुणे जसजसे फुगते तसतसे वरचे पाणी शहरात राहते व खालच्या आवर्तनाची तारीख पुढे सरकते. शहराने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून येते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्याचा वास काय असतो हे नदीकाठच्या लोकांना सांगायला नको. शहराला आमचे चांगले पाणी हवे आणि आम्हांला त्याचे वाईट पाणी, असे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. यशया संदेष्ट्याने पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर शोक केला आहे, कारण शेवटी देशात त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वाचलेला अॅरिस्टॉटलही आठवतो. नगर केवढे असावे, तर तेथील नागरिकांना एकमेकांचा स्वभाव ठाऊक असेल एवढे, असे त्याचे मत. वाघोलीत आता समोरच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय शेजाऱ्याचे नाव कळत नाही, आणि शिक्रापूर त्याच मार्गावर आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात शहरांविषयी बोलताना, एकेक-दोनदोन माणसे वाहणाऱ्या मोटारींच्या गर्दीपेक्षा सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा, असा विचार मांडला आहे. पुरेशा लोकल गाड्यांसाठी झगडणाऱ्या दौंडकरांना तो पटेल. पण रस्ता उन्नत असावा की जमिनीवरून, आठ पदरी की सहा, हे व्यासपीठावरून सांगण्याचा मला अधिकार नाही. प्रभूने स्वतः पंच होण्याचे नाकारले, तर मी कोण?

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट अशा वेळी सगळेच सांगतात. आज मी ती मुद्दाम बाजूला ठेवतो, कारण तिच्यातला दुष्ट मनुष्य राजवाड्यात बसलेला आहे. आपल्याला बरे वाटते. आज मला घराच्या उंबऱ्याच्या आत यायचे आहे.

उन्नत मार्ग जुन्या रस्त्याच्या डोक्यावरून जाणार, तेव्हा जमीन फारशी जाणार नाही असे म्हणतात. तसे असेलही. पण पैसा भूसंपादनाची वाट पाहत बसत नाही. रस्त्याची बातमी आली की एजंट येतो, इसार देतो, पाच एकरांचे गुंठे होतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असूनही गुंठ्यांचे व्यवहार होतच राहिले, आणि २०२५ मध्ये शासनाने तो शिथिल करण्याचे ठरवले. एरवी जिच्यावर ज्वारीच उभी राहायची ती जमीन एका वर्षात लाखांची भाषा बोलू लागते. आणि मग घरात एक कागद निघतो, त्याचे नाव हक्कसोडपत्र.

या कागदाविषयी मला थोडे सविस्तर बोलू द्या. वडील वारले की वारसनोंद होते, आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात, डोळे पुसत असतानाच, लेकींना तालुक्याला नेऊन त्यांच्या सह्या घेतल्या जातात. बदल्यात साडी, आणि माहेर उघडे राहील हा न बोललेला करार. एका बहिणीने मला विचारले, “फादर, सही केली नाही तर नाताळला मी जाऊ कुठे?” तिला वाट्याचे पैसे नको होते, तिला माहेर हवे होते. तिच्यासमोर दोन्हींपैकी एकच ठेवले गेले होते. स्वखुशीने, समजून-उमजून कोणी हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण धाकाने घेतलेल्या सहीला आपण प्रेम म्हणू नये.

कायदा काय म्हणतो? ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात विधवेचा एक तृतीयांश वाटा आहे, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. मुलगा आणि मुलगी असा भेद तेथे नाही. शंभर वर्षे झाली या कायद्याला. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्यावर गावोगाव किती चर्चा झाली. आपल्याकडे तेवढी चर्चासुद्धा झाली नाही.

आणि शास्त्र काय म्हणते? गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप सलाफहाद रानात मरण पावला, मुलगा नाही, म्हणून त्याचे नाव पुसून टाकायचे काय, असे त्या साऱ्या मंडळीसमोर विचारतात. मोशे गोंधळतो, त्याच्याजवळ उत्तर नाही, तो प्रकरण देवापुढे नेतो. देव म्हणतो की मुलींचे बोलणे रास्त आहे. (पुढे छत्तिसाव्या अध्यायात भाऊबंद तक्रार घेऊन येतात आणि लग्न आपल्याच वंशात करण्याची अट पडते. भाऊबंद तेव्हाही तसेच होते.) जुन्या करारात कितीतरी स्त्रिया नावावाचून येतात आणि जातात. या पाच जणींची नावे मात्र पुन्हा पुन्हा लिहून ठेवली आहेत, आणि तीही जमिनीच्या दाव्यासाठी.

संत थॉमस अक्वायनस मालमत्तेविषयी एक साधा भेद करतात. वस्तू सांभाळणे, तिची व्यवस्था पाहणे हे एकेकाकडे असावे, त्यामुळे काम नीट होते. पण तिचा उपयोग करताना माणसाने ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला सहज द्यावी. आपल्या बोलीत सांगायचे तर सात-बारा एकाचा, भाकर सगळ्यांची. सात-बाऱ्यावर थोरल्याचे नाव असणे हे पाप नाही. त्या नावाखाली भाकर झाकून ठेवणे हे आहे.

आता ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांच्याविषयी. आपल्या चर्चमध्ये येणाऱ्या घरांपैकी बरीच घरे दुसऱ्याच्या रानात राबणारी आहेत. काहींनी रस्त्याच्या कडेला पंक्चरचे दुकान, चहाची टपरी, भाजीचा गाडा टाकला आहे. मोजणीवाला येतो तेव्हा तो शेताची मोजणी करतो. शेतावर खुरपणाऱ्या बाईची करत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मात्र बाधित कुटुंब या शब्दाचा अर्थ मालकापुरता ठेवलेला नाही. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि त्यावरच पोट असणारे भूमिहीन मजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर हेही त्यात येतात. हे त्यांना कोण सांगणार? मालकाला नुकसानभरपाई आणि तेवढीच दिलासा रक्कम मिळाली, आणि तीस वर्षे त्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला ‘आता काम नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर मालक ख्रिस्ती असो वा नसो, हिशेब अपुरा आहे. आपल्यातील काही घरांकडे जुनी वतनाची, म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची, जमीन आहे. ती परवानगीवाचून विकता येत नाही. ‘कुलमुखत्यारपत्र द्या, बाकी आम्ही बघतो’ असे कोणी गोड बोलून सांगितले तर सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलीला तो कागद मोठ्याने वाचायला सांगा.

पाटसजवळून जाताना मला एक गोष्ट आवडते, ती सांगतो. तेथून निघणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, ट्रक आणि मोटारींसाठीच आहे. तरी त्याच्या आखणीत कडेने पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी स्वतंत्र वाट धरली गेली. वर्षातून काही दिवस अनवाणी जाणाऱ्यांसाठी सरकारी नकाशात जागा निघाली, कारण त्या चालणाऱ्यांचा कोणाला विसर पडू शकत नव्हता. ते दिसत होते, लाखांनी. आपल्या नगर रस्त्यावर शाळेला जाणारी मुले, डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायका, कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार हेही रोज चालतात. ते एकेकटे चालतात, म्हणून दिसत नाहीत. भुयारी मार्ग कोठे हवा, पादचारी पूल कोठे हवा, बस कोठे थांबावी हे मागायचे असेल तर ते आत्ताच मागावे लागेल, खांब उभे राहिल्यावर नव्हे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला फक्त २१ दिवस मिळतात. अधिसूचनेचा सारांश मराठी वर्तमानपत्रातही येतो, पण तो वाचणारा डोळा घरात हवा.

म्हणून पाद्री मंडळाने (म्हणजे मी आणि आपले दोन पंच, मंडळ एवढेच आहे) असे ठरवले आहे की पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये बसायचे. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एक वकीलबाई येणार आहेत, दोघेही फी घेणार नाहीत. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि आलेली नोटीस आणावी. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनीही यावे, रेशनकार्ड आणि ज्यांच्याकडे काम करता त्यांचे नाव-गाव घेऊन. भावांनी बहिणींना स्वतः फोन करून बोलवावे, हडपसरला, पिंपरीला दिलेल्यांनाही. चहाचे महिला मंडळाने पाहावे, अशी विनंती. त्या दिवशी धर्मशिक्षणाचा वर्ग अर्धा तास उशिरा भरेल.

तुमचा,
फादर