गल्ल्यातला पैसा कोणाचा?



धंदा ही ख्रिस्ती माणसाला शोभणारी गोष्ट आहे काय, असा प्रश्न मंडळीत उघडपणे कोणी विचारीत नाही. पण तो आपल्या घराघरांत आहे. मुलगा शिकला की त्याने शिक्षक व्हावे, मुलीने परिचारिका व्हावे, असे आपल्याला वाटते. नोकरी लागलीच नाही तर आपण म्हणतो, "निदान एखादे दुकान तरी टाक." त्या 'निदान' ह्या एका शब्दात आपले सारे मन उघडे पडते. मिशनच्या शाळा व दवाखाने ह्यांच्यामुळे आपल्याला नोकरीचे वळण लागले, ते वाईट नव्हे. पण त्याबरोबर अशीही समजूत रुजली की, खोटे बोलल्यावाचून व्यापार होत नाही. तेव्हा आपण त्यापासून दूर राहिलेले बरे.

पवित्र शास्त्र मात्र असे म्हणत नाही. थुवतीरा नगराची लुदिया जांभळी वस्त्रे विकीत असे आणि तिच्याच घरात फिलिप्पैची मंडळी आधार पावली. पौल, अक्विल्ला व प्रिस्किल्ला राहुट्या करून पोट भरीत. आपल्या देशातही बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. जातीबाहेर पडल्यामुळे ज्यांचा पूर्वीचा उद्योग सुटला, त्यांना हाताला काम मिळावे हा त्यात हेतू होता. म्हणजे प्रश्न धंदा करावा की नाही हा नाही. धंदा उभा करणाऱ्याचे मन कसे असावे, हा खरा प्रश्न आहे.

ह्यावर आजकाल पुष्कळ सांगितले जाते. मोठे स्वप्न पाहा, आत्मविश्वास बाळगा, अपयशाला भिऊ नका. ह्यात खोटे काही नाही. परंतु आदिलाबादच्या बाजारपेठेत, बेल्यात, बोथला जी लहान दुकाने बंद पडतात, ती सारीच स्वप्न लहान होते म्हणून बंद पडत नाहीत. पुष्कळ दुकाने एका साध्या प्रश्नाचे उत्तर न सापडल्यामुळे बुडतात. तो प्रश्न असा: गल्ल्यातला पैसा कोणाचा?

समजा, दिवसाची विक्री २,००० रुपये झाली. त्यांपैकी १,७०० रुपये मालाचे, म्हणजे ठोक व्यापाऱ्याचे. भाडे, वीज व गाडीभाडे ह्यांचे १२०. उरले १८०. रात्री दुकानदार २,००० रुपये हातात धरतो, पण त्याचे आहेत १८० च. बाकीच्या रकमेचा तो धनी नव्हे, कारभारी आहे. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही येतो. तरी तो मनात उतरवणे फार कठीण आहे, कारण नोट हातात आली की ती आपलीच वाटते.

आपल्या भागात हा मोह अधिक जबर असतो. येथील बाजार कापसावर चालतो. जूनमध्ये पेरणी झाली की शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो आणि दुकानदार चार-पाच महिने उधारीवर माल देतो. दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागला म्हणजे ती उधारी वसूल होते, गल्ला भरतो, आणि घरात बोलणी सुरू होतात: मोटारसायकल घ्यावी, लग्न जरा थाटात करावे. तो पैसा वस्तुतः पुढच्या जूनचे भांडवल असतो. जो दिवाळीत त्याला नफा समजतो, तो मृगात रिकाम्या फळ्यांसमोर बसतो. तेव्हा आपल्या जिल्ह्यात व्यापाऱ्याच्या धैर्याची खरी परीक्षा पैसा नसताना होते त्याहून अधिक, तो हातात खुळखुळत असताना होते.

ह्यावर उपाय काय? जॉन वेस्ली ह्यांचे 'पैशाचा उपयोग' ह्या विषयावरील प्रवचन १७६० साली छापले गेले. सचोटीने होईल तितके मिळवावे, उधळपट्टी टाळून राखावे आणि जमेल तितके द्यावे, असा त्याचा सारांश आहे. त्यांच्याविषयी सांगतात की, तरुणपणी त्यांना वर्षाला ३० पौंड मिळत, तेव्हा ते २८ पौंडांत भागवून २ पौंड देत. पुढे ६० मिळू लागले, ९० मिळू लागले, तरी स्वतःचा खर्च २८ वरच ठेवून बाकीचे त्यांनी दिले. आपल्यापैकी प्रत्येकाला इतके साधणार नाही. पण त्यातील तत्त्व दुकानदाराने उचलण्याजोगे आहे: स्वतःला दरमहा ठरावीक पगार द्यावा, आणि गल्ल्याला घरातील कोणीही, स्वतः मालकानेसुद्धा, त्याबाहेर हात लावू नये.

येथे कोणी विचारील, "मग दयेचे काय? दारात उभ्या असलेल्या गरीब विधवेला उधार नाकारावे काय?" प्रश्न योग्य आहे आणि ख्रिस्ती दुकानदाराला तो रोज छळतो. वरच्याच हिशेबाने ५०० रुपयांची उधारी बुडाली तर त्यातील मालाचीच किंमत ४२५ रुपये होते. म्हणजे दोन दिवसांहून अधिक श्रम वाया गेले. अशा दहा उधाऱ्या बुडाल्या की ठोक व्यापाऱ्याचे देणे थकते. त्याने माल विश्वासाने दिलेला असतो. म्हणून दया करावयाची ती आपल्या वाट्यातून करावी. १८० मधून ५० रुपयांचे तांदूळ त्या बाईला द्यावेत, ते वहीत मांडू नयेत आणि परत मागू नयेत. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे ही दया नव्हे. आणि जो नातलग किंवा मंडळीतला भाऊ ऐपत असून "आपलेच दुकान" म्हणत पैसे बुडवतो, त्याला नम्रपणे नाही म्हणणे हे कठोरपणाचे लक्षण नव्हे.

कारभाऱ्याचे मन तराजूवरही कळते. आमोस संदेष्ट्याने माप लहान व वजन मोठे करणाऱ्या व्यापाऱ्यांना किती कडक शब्दांत झाडले, हे आपण वाचतो. आपल्याकडे हा प्रश्न कापसाच्या ओलीत येतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओल असल्यास पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलीप्रमाणे कपात होते, आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. नियम स्पष्ट आहे. तरी कोणी गाठोड्यावर पाणी शिंपडतो, तर कोणी खासगी व्यापारी वजनात मारतो. दोघेही म्हणतात, "समोरचा तेच करतो." पण फसलेले गिऱ्हाईक दुकानात भांडत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाते, आणि विश्वास गेला हे दुकानदाराला फार उशिरा कळते.

भांडवल केवळ पैशाचे असते असेही नाही. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मलची रंगीत खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. तेथील कारागिरांची सहकारी संस्था १९५५ पासूनची आहे. ही खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची होतात, आणि ते लाकूड रानात दुर्मिळ झाल्यामुळे कारागिरांना चिंता लागली. हातात कला आहे, गिऱ्हाईक आहे, पण झाड नाही! जे वापरतो ते पुन्हा लावले पाहिजे, हा धडा दुकानालाही लागू आहे.

आणि ज्याच्याजवळ थोडेच आहे त्याने काय करावे? उटनूरच्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाच्या स्त्रियांकडे पाहावे. मोहाचे फूल म्हटले की लोकांना दारू आठवते. ह्या स्त्रियांनी त्याच फुलांचे पौष्टिक लाडू केले, आणि ते आदिवासी वसतिगृहांतील रक्त कमी असलेल्या मुलामुलींच्या उपयोगी पडले. दाखल्यातील सर्वांत थोडे मिळालेल्या चाकराने ते पुरून ठेवले. कमी मिळाले म्हणून नव्हे, भीतीमुळे. ह्या स्त्रियांनी अंगणातले फूल पुरले नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इतके सारे करूनही धंदा बुडू शकतो. पाऊस दगा देतो, कापसाचा भाव पडतो, घरात आजारपण येते. अशा भावावर देवाचा कोप झाला, असे आपण म्हणू नये. तसेच ज्याचे दुकान दुमजली झाले त्याच्यावर देव विशेष प्रसन्न आहे, असेही मानू नये. पुष्कळ दुष्टांचीही दुकाने दुमजली असतात. कारभाऱ्याकडून विश्वासूपणाची अपेक्षा असते, आणि बुडालेल्या दुकानातही ठोक व्यापाऱ्याचे शेवटचे देणे फेडणारा मनुष्य विश्वासूच ठरतो. अशा माणसाला पुन्हा माल मिळतो, हेही आपण बाजारात पाहतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. रुपयांचा दाखला शिकवताना मुलांपुढे वरचा हिशेब फळ्यावर मांडा आणि विचारा, "ह्यातले आपले किती?" पुष्कळ मुले आधी २,००० म्हणतील. त्यांना रागावू नका. एकेक रक्कम त्यांच्याकडूनच वजा करवून घ्या. त्यांच्यातील एखादा उद्या दुकान उघडील, तेव्हा त्याच्या घरी 'निदान' हा शब्द कोणी उच्चारू नये, इतके तरी आपण मोठ्या माणसांनी करावे.