खरें सुख कोठून येतें?

शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनें १० ते २०



आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत सुखाचा हिशेब पावसाबरोबर सुरू होतो. मृग बरसला म्हणजे काळ्या रानांत सरकी टोबली जाते, आणि त्याच दिवसापासून घरोघर बेत सुरू होतात. पऱ्हाटी चांगली आली तर मुलीचें लग्न करूं. भाव मिळाला तर कर्ज फेडूं. कांहीं उरलें तर घरावर टिना घालूं. असे बेत करणें पाप नाहीं. नांगरणारानें आशेनें नांगरावें, असें प्रेषित पौलानेंच करिंथ येथील मंडळीस कळविलें आहे. परंतु सुखाचें सर्व ओझें एका पिकावर टाकिलें, तर तें पीक तें ओझें कसें पेलील? २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें उभीं पिकें आंतून पोखरलीं. त्याच वर्षीं आपल्या जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्यांनीं पीक वांचविण्यासाठीं विष मारिलें, त्यांच्याच अंगांत तें भिनलें.

त्याहून जुनी एक गोष्ट आपल्यांतील वडील माणसांस ठाऊक आहे. १९ मार्च १९८६ रोजीं याच जिल्ह्यांतील चिलगव्हाण गांवच्या एका शेतकऱ्याचें, त्याच्या पत्नीचें व चार लेकरांचें जीवन एकाच वेळीं संपलें. नापिकी व कर्ज यांनीं त्या घरांतील आशा आधींच खाऊन टाकिली होती. अलीकडे त्या दिवशीं पुष्कळ लोक अन्नत्याग करून त्या कुटुंबाची आठवण करितात. ज्या भूमींत अशी गोष्ट घडली, त्या भूमींत उभें राहून सुखाविषयीं हलकेपणानें बोलणें हा अपराध होईल. म्हणून जो स्वतः दुःखांत होता, त्याच्याकडूनच आपण शिकूं.

पौलानें हें पत्र लिहिलें तेव्हां तो बेड्यांत होता. निकाल जीवनाचा लागेल कीं मरणाचा, हें त्यास ठाऊक नव्हतें. तरी सबंध पत्रांत आनंदाचा सूर वाहत आहे. तो म्हणतो कीं, विपुलता असो वा उणीव असो, कोणत्याही स्थितींत समाधानी राहणें तो शिकला आहे. ‘शिकला’ या शब्दाकडे लक्ष द्या. हें समाधान त्यास जन्मतः मिळालें नव्हतें, एका रात्रींतही आलें नव्हतें. उपास, फटके, गलबत फुटणें, मित्रांनीं सोडून जाणें, या शाळेंत तो वर्षानुवर्षें बसला, तेव्हां हा धडा त्यास आला. म्हणून ज्या भावास आज समाधान वाटत नाहीं, त्यानें आपला विश्वास खोटा आहे असें समजूं नये. त्याचा धडा अजून चालू आहे, आणि गुरु त्याच्या जवळच बसला आहे.

त्या काळचे ग्रीक तत्त्वज्ञही समाधानाविषयीं बोलत. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्ञानी पुरुषानें मन इतकें कठीण करावें कीं त्यास कोणाचीच गरज उरूं नये. पौलानें शब्द त्यांचाच घेतला, पण अर्थ पालटला. आपलें बळ आपलें नव्हे, तें ख्रिस्ताकडून येतें, असें तो सांगतो. विहिरीचें पाणी विहिरीनें केलेलें नसतें. जिवंत झरा असेल तोंवर ती आटत नाहीं.

आपल्याच भाषेंतील एक साक्ष पाहा. कवि नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधांत नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. तो वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचन त्यांच्या अंतःकरणास भिडलें. त्या प्रवचनाचा आरंभच ‘धन्य’ या शब्दानें होतो, आणि प्रभु धन्य कोणास म्हणतो? दीनांस, शोक करणारांस, छळ सोसणारांस. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत म्हणून घर सुटलें, आप्त दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांचा कित्येक वर्षें वियोग झाला. पुढें त्या परत आल्या व त्यांनींही प्रभूस स्वीकारिलें. त्या वियोगांत टिळकांस दुःख झालें नाहीं असें कोण म्हणेल? तरी महाराष्ट्रांतील देवळांदेवळांत जीं भजनें आज आनंदानें गाइलीं जातात, तीं याच मनुष्यानें रचिलीं. डोळ्यांत पाणी असतांही मुळाशीं ओलावा राहतो, तें धन्यपण हेंच.

आतां आपण बहुधा विसरतों ती गोष्ट सांगतों. पौल समाधानाविषयीं लिहून लगेच फिलिप्पैकरांचे उपकार मानितो. त्याच्या संकटांत ते भागीदार झाले हें त्यांनीं चांगलें केलें, असें तो म्हणतो. एपफ्रदीत नांवाचा भाऊ मंडळीची देणगी घेऊन आला आणि त्या सेवेंत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. पौल समाधानी आहे म्हणून त्यास कांहीं पाठवूं नये, असा विचार त्या मंडळीनें केला नाहीं. ख्रिस्त पौलास जें बळ देत होता, त्यांतील कांहीं या भावाच्या हातांनीं येऊन पोहोंचलें.

म्हणून बंधूंनो, कर्जांत बुडालेल्या शेजाऱ्यास ‘समाधानी राहा’ एवढेंच सांगून घरीं परतूं नका. ज्या घरचा मनुष्य उपासनेस येईनासा झाला आहे, बोलेनासा झाला आहे, रात्रीं जागाच असतो, त्या घरीं याच आठवड्यांत जा. त्याच्या ओट्यावर बसा, त्याचें ऐका. पंचांनीं मिळून सावकाराशीं वा बँकेशीं बोलावें. ज्याच्याजवळ बैलजोडी रिकामी आहे त्यानें एक दिवस ती द्यावी. आणि ज्या भावाच्या मनांत आज अंधार आहे, त्यास मी हात जोडून विनवितों : तो अंधार एकट्यानें सोसूं नको. पाळकास सांग, बायकोस सांग, डॉक्टरास सांग. मागण्यांत लाज नाहीं, पौलानेंही घेतलें.

देव करो आणि आपल्या गांवोगांवच्या मंडळ्या अशा एपफ्रदीतांनीं भरून जावोत, आणि पीक येवो वा न येवो, ख्रिस्ताचा आनंद आपल्या एकाही घरांतून निघून न जावो. आमेन.