हंगामाचा हिशेब आणि साहित्यमूल्य

का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखनाला सुगीचा हंगाम लाभला. हंगामामागोमाग हिशेबही येतो : किती लेख छापून आले, मानधन किती मिळाले, वाचक किती लाभले. मराठी समीक्षेने या मोजदादीकडे बहुधा तुच्छतेनेच पाहिले आहे. त्यासाठी केशवसुतांचा दाखला सोयीचा ठरतो. 1905 मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झालेला नव्हता. परंतु केशवसुत पेशाने शिक्षक होते. वेतन तुटपुंजे असले, तरी चरितार्थ कवितेवर अवलंबून नव्हता. सिडकोच्या नगराने वेढलेल्या घणसोली गावात भाड्याने राहून केवळ लेखणीवर जगू पाहणाऱ्याला मरणोत्तर न्यायाची वाट पाहता येत नाही. त्याच्या लेखी ही मोजदाद म्हणजे मजुरीचा हिशेब होय, आणि तो ठेवण्यात कमीपणा नाही. नैतिक प्रश्न उद्भवतो तो यापुढे. मजुरीचा आकडा हाच मूल्याचा निकष मानून पुढील हंगामाचे विषय ठरविले जातात, तेव्हा लेखक आपला निर्णयाधिकारच गमावतो. काय मिळाले, एवढेच हिशेबाची वही सांगू शकते. काय लिहावे, हे तिला विचारणे गैर होय.