फाटकावरची वही

आमच्या कर्जतच्या घरी मुलींना उन्हात हुंदडू देत नसत. "कातकरीण दिसशील," आजी म्हणायची. मागच्या दारी वळचणीला कान तुटलेला एक कप पालथा असायचा. कुंपण घालायला आलेल्या कातकऱ्याला चहा त्यातच. पिऊन झाला की तोच तो विसळून पुन्हा पालथा घालायचा. वंशभेद म्हणजे गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत गाडीतून उतरवलं तो, हे आम्ही शाळेत घोकत होतो. त्या उत्तराला पूर्ण गुण मिळवून घरी यावं, तर कप जागच्या जागी.

पुढे कॉलेजात असताना ठाणे जिल्ह्याचं 1882चं गॅझेटियर हाती पडलं. कर्जत तेव्हा ठाण्यात होतं. कातकऱ्यांचा रंग, बांधा, ते काय खातात, सगळं झाडापाल्याच्या माहितीसारखं नोंदवलेलं. 1871चा गुन्हेगार जमातींचा कायदाही त्याच सुमारास वाचला आणि वाटलं, सापडलं मूळ! हे सगळं साहेबानं केलं. ही समजूत मला बरीच वर्षं पुरली, कारण तिच्यात आजीचा कप निर्दोष सुटत होता.

पण साहेबाला माहिती पुरवली कोणी? मामलेदार कचेरीतल्या कारकुनांनी, गावच्या पाटलांनी. म्हणजे आपणच. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलं राखीव झाली, खैराला हात लावायची चोरी झाली. धंदा गेला, नाव राहिलं. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. उचल घेऊन दिवाळीनंतर बिऱ्हाड हलवायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली गेला. गावात कोंबडी हरवली तरी पहिली चौकशी वाडीवरच, ही रीत मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे.

याच शोधात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांच्या बर्लिनच्या दिवसांबद्दल वाचलं. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांचं श्रेष्ठत्व कवटीतच दिसावं, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजलं आणि कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. मला हे फार आवडलं. मात्र इथे परतल्यावर त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. वि. म. दांडेकरांबरोबरचं महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनाचं पुस्तक 1951चं. माणसाला आधी मोजायचं आणि मग ओळखायचं, ही खोड इतक्या मोठ्या विदुषीलाही सुटली नाही, तर आपली काय कथा.

आता कर्जत-खालापुरात फार्महाऊसं झाली आणि सूर पालटला. चोर म्हणणं सभ्यपणाचं राहिलं नाही. "किती भोळे असतात ना हे लोक! कसली चिंता नाही." हे कौतुक मी स्वतः पाहुण्यांसमोर केलेलं आहे. ते खरं धरलं, तर त्या माणसाला पुरी मजुरी मागायचा हक्कच उरत नाही, हे ध्यानात यायला मला चाळिशी उलटावी लागली.

19 जुलै 2023च्या रात्री खालापुरातल्याच इरशाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडी ठाकरांची. आमच्याकडच्या जेवणावर मुंबईची मंडळी हळहळली आणि म्हणाली, "पण हे कातकरी अशा डोंगरात राहतातच कशाला?" ठाकर की कातकरी, त्यांना एकच. ज्या गच्चीवर आम्ही बसलो होतो, तीही डोंगर कापून केलेल्या सपाटीवर होती आणि तिथून दिसणाऱ्या देखाव्याचे जादा पैसे मोजलेले होते.

आमच्या बंगल्यांच्या फाटकावर वही असते. नाव, वेळ, मोबाइल. पाहुण्यांची नावं, ड्रायव्हरांची नावं, गॅसवाल्याचंही नाव. परवा सहज पानं चाळली. आठवड्यातून तीनदा एकच नोंद: 'कातकरीण – 2'. नावाच्या रकान्यात.

जूनची पहिली सर पडून गेली होती. त्या दोघी आल्या. टोपलीत शेवळांच्या जुड्या, बाजूला काकडं. मी पेन काढून थोरलीला नाव विचारलं. तिनं आधी वहीकडं पाहिलं, मग वॉचमनकडं. टोपली काखेला घट्ट धरली.

"नाव कशाला, शेट? काय गेलंय का कोणाचं?"