चादरीची चार टोकं

बार्सेलोनाच्या बंदराजवळ, फरसबंदीवर एक पांढरी चादर अंथरलेली असते. तिच्यावर बूट, गॉगल, पर्स, फुटबॉल क्लबांच्या जर्सी. चादरीच्या चारही टोकांना दोऱ्या असतात आणि विक्रेता गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्या हातातून सोडत नाही. पोलीस दिसला की एक हिसका. चादरीचं गाठोडं होऊन खांद्यावर जातं आणि माणूस पळत सुटतो. दादर स्टेशनबाहेर ‘गाडी आली’ अशी हाक उठल्यावर ताडपत्र्या कशा गोळा होतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे दृश्य परकं वाटणार नाही.

स्पॅनिशमध्ये अशा चादरीला ‘मान्ता’ म्हणतात आणि ती अंथरून विकणाऱ्याला ‘मान्तेरो’. आपला ‘पथारीवाला’ हा शब्दही असाच घडला. पथारी म्हणजे अंथरूण. जमिनीचा तुकडा नावावर नसलेला माणूस अंथरुणाएवढी जागा मागतो, ही गोष्ट दोन्ही भाषांनी आपापल्या परीनं नोंदवून ठेवली आहे.

या मान्तेरोंमध्ये सेनेगलहून आलेले तरुण पुष्कळ. सेनेगलच्या किनाऱ्यावरची बरीच गावं मासेमारीवर जगतात. परदेशी ट्रॉलरनी समुद्र खरवडायला सुरुवात केल्यावर रंगीत लाकडी होड्यांना मासळी मिळेना, आणि त्याच होड्या माणसं भरून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघाल्या. पर्ससीनच्या जाळ्यांनी हैराण झालेल्या आपल्या कोकणातल्या रापणकरांना यातला पहिला भाग तरी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. 2006 या एका वर्षात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून 31 हजारांहून अधिक माणसं त्या बेटांवर उतरली. त्या काळात सेनेगलच्या वोलोफ भाषेत एक घोषणा तोंडोतोंडी झाली होती: ‘बार्सा वाला बार्साख’. बार्सेलोना, नाहीतर बार्साख. बार्साख म्हणजे मृत्यू आणि कयामत यांच्यामधला मुक्काम. कित्येकांना दुसराच मिळाला.

जे पोहोचले त्यांची गाठ कायद्याशी पडली. खरा पेच इथेच आहे, म्हणून तो नीट पाहू. कागदपत्रं नसलेल्याला स्पेनमध्ये रीतसर नोकरी करता येत नाही. ‘आराइगो’, म्हणजे मूळ धरणं, या नावाची एक वाट आहे: सलग तीन वर्षं देशात राहिल्याचा पुरावा द्या, कामाचा करार दाखवा, वास्तव्याचा परवाना मिळेल. (2025 च्या मे महिन्यापासून ही मुदत दोन वर्षांवर आली.) पण तोवर खायचं काय? चादर अंथरायची. आणि 2015 साली दंडसंहितेत जो बदल झाला, त्यानं नकली ब्रँडचा माल रस्त्यावर विकणाऱ्याला पुन्हा तुरुंगाची वाट दाखवली. शिक्षा छोटी असली तरी गुन्ह्याची नोंद होते, आणि नोंद असली की परवाना अडतो. परवाना नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून चादर, चादरीमुळे गुन्हा आणि गुन्ह्यामुळे पुन्हा परवाना नाही. बेकायदा विक्रेता हा इथे कायद्यानंच घडवलेला आहे, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

2015 च्या ऑगस्टमध्ये सालू या किनाऱ्यावरच्या गावी पहाटे पोलिसांची धाड पडली आणि एक सेनेगली विक्रेता घराच्या सज्जातून खाली पडून मेला. त्याच वर्षी बार्सेलोनाच्या मान्तेरोंनी आपली संघटना उभी केली. 2017 मध्ये त्यांनी ‘टॉप मान्ता’ या नावानं स्वतःचा ब्रँड काढला. ज्या शब्दानं त्यांना हिणवलं जायचं, तोच त्यांनी कपड्यांवर छापला. 2020 च्या टाळेबंदीत त्यांच्या शिलाई मशिनींवर मास्क आणि दवाखान्यांसाठी गाऊन शिवले गेले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचे बूट आणले, ‘आंदे देम’. वोलोफमध्ये याचा अर्थ ‘सोबत चालणं’. नकली बुटांसाठी ज्यांच्यामागे पोलीस धावले, त्यांनीच अस्सल बूट बाजारात आणले.

दुकानदाराची तक्रार खोटी नाही. तो भाडं भरतो, कर भरतो, आणि त्याच्या दारासमोर कुणीतरी बिनभाड्याचं दुकान मांडतं. पदपथ चालणाऱ्यांचा आहे, हेही मला मान्य आहे. पण या तक्रारीवर उपाय जागा आखून देणं आणि परवाना देणं हा आहे. दंडुक्यानं पदपथ मोकळा होतो तो तासाभरासाठी.

या बाबतीत आपल्याकडे चांगला कायदा आहे. 2014 च्या पथ विक्रेता कायद्यानं फेरीवाल्यांची पाहणी, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी, एवढं सगळं लिहून दिलं आहे. स्पेनच्या मान्तेरोंनी हेवा करावा अशा या तरतुदी आहेत. पण महाराष्ट्रात परवान्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो, आणि तो पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. आजमगढहून आलेला भाजीवाला ही पंधरा वर्षं काय खाणार? स्पेनमध्ये ही मुदत आता दोन वर्षांची आहे आणि तीही तिथल्या मान्तेरोंच्या जिवावर उठते. पोटाचा धंदा करू मागणाऱ्याकडून महापालिकेनं ओळख मागावी, शुल्क घ्यावं, जागा ठरवून द्यावी. पण अधिवासाची अट काढून टाकावी.